खासगी व्यायामशिक्षकाची फी

गाणे शिकावयाचे तर गुरू हवा, हे आपल्याकडे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. व्यायामाची गोष्ट निराळी. चालणे, धावणे, ओझे उचलणे या क्रिया मनुष्य कोणी न शिकविता करू लागतो. मग त्यांसाठी पैसे मोजून शिक्षक कशाला ठेवावयाचा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. तथापि दिल्ली, मुंबई, बंगळूर, कोलकाता अशा शहरांतील व्यायामशाळांत ही प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. 'पर्सनल ट्रेनर' या नावाने हा शिक्षक ओळखला जातो. व्यायामशाळेच्या वर्गणीखेरीज त्याची फी वेगळी द्यावी लागते आणि पुष्कळदा ती वर्गणीहून अधिक असते. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबात हा खर्च मुलांच्या पुस्तकांशी आणि घरभाड्याशी स्पर्धा करतो. तो सार्थकी लागतो काय, हे शरीरशास्त्राच्या आधारे पुष्कळ अंशी सांगता येते.

स्नायू बळकट होतो तो त्याला सवयीपेक्षा किंचित अधिक काम पडल्यामुळे. ही गोष्ट लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. प्राचीन ग्रीकांचा मल्ल मिलो एक वासरू रोज खांद्यावर घेई. वासरू वाढत गेले तसे त्याचे बळही वाढत गेले, अशी कथा आहे. (शेवटी त्याने तो बैल एका दिवसात खाऊन टाकला, असेही कथाकार सांगतात, तेवढा भाग अनुकरणीय नव्हे.) या कल्पनेला शास्त्रीय रूप दिले ते अमेरिकन वैद्य टॉमस डेलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या दुबळ्या मांड्यांना त्यांनी मोजून भार दिला, शक्ती वाढेल तसा तो वाढविला आणि 1945 साली आपली पद्धती प्रसिद्ध केली. आजचे भारव्यायामाचे शिक्षण याच पायावर उभे आहे.

भार वाढवावयाचा खरा, पण किती आणि केव्हा? शिक्षकाचे मोल येथे कळते. नवशिक्यांना आपला भार आपणच निवडावयास सांगितले असता ते काय करतात, याची एक पाहणी अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झाली. एका वेळी जास्तीत जास्त जेवढे वजन उचलता येते, त्याच्या 42 ते 57 टक्के एवढेच वजन त्यांनी घेतले. शक्ती चांगली वाढावी यासाठी त्याहून अधिक भार शिफारशीत असतो. म्हणजे मनुष्य एकटा असला की अंग राखून काम करतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात पूर्वी थोडाफार व्यायाम केलेल्या पुरुषांच्या दोन गटांना 12 आठवडे एकच कार्यक्रम दिला होता. एका गटाजवळ शिक्षक उभा असे, दुसरा आपापला व्यायाम करी. कागदावर कार्यक्रम एकच असूनही शिक्षक लाभलेल्या गटाने भार अधिक वेगाने वाढविला व त्याची शक्तीही अधिक वाढली. प्रयोग लहान होता, सर्व जण पुरुषच होते. त्यावरून सर्वांसाठी नियम करणे घाईचे होईल. परंतु जुन्या तालमीत हौद्याच्या काठावर बसून एकेकाचा दम जोखणाऱ्या वस्तादाला या निष्कर्षाचे नवल वाटले नसते.

दुसरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. व्यायामास आरंभ केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत शक्ती झपाट्याने वाढते, पण स्नायूचा आकार फारसा वाढलेला नसतो. या काळात मुख्यतः मज्जासंस्था शिकत असते: कोणते तंतू केव्हा कामास लावावयाचे आणि ते एकत्र कसे ओढावयाचे. मोरितानी व डी व्ह्रीस या संशोधकांनी 1979 साली हे दाखवून दिले. शिकणे म्हटले की शिकविणारा आलाच. पाठ वाकवून वजन उचलण्याची खोड जडण्यापूर्वी ती मोडणे सोपे असते; वर्षाने ते कठीण जाते. म्हणून शिक्षकाचा सर्वाधिक उपयोग आरंभी असतो, आणि पुढे पुढे त्याच फीचा मोबदला कमी होत जातो.

येथे थोडा हिशेब करावा. आठवड्यातून 3 वेळा याप्रमाणे वर्षाचे 156 तास होतात. एका तासात व्यायामाचे 5 प्रकार, प्रत्येकाची 3 आवर्तने आणि दर आवर्तनास 40 सेकंद धरले, तर स्नायू प्रत्यक्ष काम करतात ती केवळ 10 मिनिटे. उरलेला वेळ शरीर सैल करणे, विश्रांती आणि गप्पा यांत जातो. पहिल्या महिन्यात ती 10 मिनिटे जाणत्या नजरेखाली जाणे मोलाचे आहे. सहाव्या महिन्यात तोच शिक्षक पुष्कळदा आकडे मोजण्याचेच काम करीत असतो. फी भरली आहे म्हणून तरी जाणे घडते, असे काहीजण म्हणतात. ते खरे असते; मात्र तेवढ्यापुरते काम सोबत येणारा शेजारीही करतो, आणि फुकट करतो.

थोडे शिकवून बाजूला होण्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडमधील आहे. तेथील 80 वर्षे व त्यावरील 233 स्त्रियांवर केलेला एक प्रयोग 1997 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील 116 जणींच्या घरी भौतिकोपचारतज्ज्ञ पहिल्या दोन महिन्यांत 4 वेळा गेल्या. पायांची शक्ती व तोल वाढविणारे व्यायाम त्यांनी प्रत्येकीच्या कुवतीप्रमाणे बसवून दिले. पुढे या आजीबाई आपापल्या घरी ते करीत राहिल्या. दूरध्वनीवरून विचारपूस तेवढी होत असे. वर्षअखेर त्यांच्यात पडण्याच्या 88 घटना नोंदल्या गेल्या, तर जवळजवळ तेवढ्याच संख्येच्या दुसऱ्या गटात 152. या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे आणि कायमचे अंथरूण धरणे, असा प्रसंग ओढवू शकतो. चार भेटींचे मोल यावरून ठरवावे.

केवळ प्रकृती निरोगी राखावयाची असेल तर शिक्षकावाचून बहुतेक काम भागते. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कंडक्टर दिवसभर जिने चढत उतरत, चालक बसून असत. कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी 1953 साली दाखविले. त्या कंडक्टरांना कोणी व्यायाम शिकविला नव्हता. आपल्याकडे तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंदीगड येथील 14,000 हून अधिक लोकांची पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली, तीत निम्म्याहून अधिक लोकांची हालचाल अपुरी आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांस आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल व 2 दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. यांपैकी पहिल्या भागास भरभर चालणे पुरते.

ज्याला हृदयविकार, मधुमेह किंवा सांध्यांची व्याधी आहे, त्याने मात्र प्रथम वैद्याला विचारावे. शिक्षक निवडतानाही सावध असावे. पहिल्याच दिवशी घाम गाळून शिष्याला लोळविणारा शिक्षक आपली करामत दाखवीत असतो. सवय नसताना अतिश्रम झाले तर स्नायुतंतू फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. लघवी चहासारखी गडद होणे ही त्याची खूण होय, आणि तसे झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. शिक्षकच प्रथिनांची भुकटी विकत असेल, तर सल्ला आणि विक्री एकाच तोंडून येत आहे हे ओळखावे.

चांगला शिक्षक आरंभी जुनी दुखणी विचारतो, हलका भार देतो आणि काय केले ते वहीत लिहावयास लावतो. त्याच्याशी वर्षाचा करार न करता प्रथम आठ-दहा तासांची फी ठरवावी. नंतर दोन महिन्यांतून एखादा तास घ्यावा व ती वही आणि उचलण्याची ढब त्याच्याकडून तपासून घ्यावी.