चिरडलेला हात वाचतो, पण घड्याळ थांबत नाही!

२३ मे १९६२. बोस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावातला बारा वर्षांचा एक मुलगा चालत्या मालगाडीवर चढू गेला आणि उजवा हात खांद्याजवळून तुटला. मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रोनाल्ड माल्ट यांच्या पथकाने तो हात जोडायचे ठरवले. हाड, रक्तवाहिन्या, स्नायू आणि त्वचा त्यांनी जोडली. मज्जातंतू काही महिन्यांनी जोडले. पूर्ण तुटलेला मानवी हात यशस्वीपणे जोडला गेल्याची ही जगातली पहिली घटना!

आपल्याकडे मालगाडीची गरज नाही. कडबाकुट्टीचे यंत्र, रसवंतीचा चरक, ट्रकचे चाक यांपैकी काहीही पुरते. सुरीने कापावा तसा सरळ तुटलेला अवयव जोडणे त्यामानाने सोपे. चिरडलेल्या अवयवात मात्र रक्तवाहिन्या लांबवर फाटलेल्या असतात, जखमेत माती आणि ग्रीस भरलेले असते. म्हणून आधी निर्जीव मांस काढून जखम धुतात, हाड सळ्यांनी स्थिर करतात, पायाची शीर काढून तुटलेल्या रक्तवाहिनीच्या जागी बसवतात. उघड्या हाडावर शरीराच्या दुसऱ्या भागातला मांसल तुकडा रक्तवाहिन्यांसह आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात.

खरा धोका कधीकधी न दिसणारा असतो. चिरडलेले स्नायू आपल्या घट्ट आवरणात सुजतात आणि आतला रक्तपुरवठाच दाबून टाकतात. अशा वेळी आवरणाला लांब छेद देऊन दाब मोकळा करावा लागतो. लहान मुलाला नेमके सांगता येत नाही. ते अस्वस्थ होते, रडायचे थांबत नाही, वेदनाशामक औषध पुन्हा पुन्हा मागते. आईवडिलांनी हे हट्ट समजू नये, लगेच डॉक्टरांना सांगावे.

जोडलेल्या भागात रक्त शिरते, पण बाहेर पडत नाही, तेव्हा जुनी जळू कामी येते. १९८५ मध्ये बोस्टनचे डॉ. जोसेफ अप्टन यांनी कुत्र्याने तोडलेला पाच वर्षांच्या मुलाचा कान जळवा लावून वाचवला. सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे!

अवयव ठेवायचा की काढायचा? हा सर्वांत कठीण निर्णय. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्यासाठी गुणांकन पद्धत तयार केली. त्वचा, हाड, स्नायू आणि रुग्णाची प्रकृती पाहून गुण दिले जातात. चौदापर्यंत अवयव वाचवण्याचा प्रयत्न, सतरा किंवा जास्त असल्यास बहुधा कापण्याचा विचार, मधल्या गुणांत अनुभवी डॉक्टरांचा निर्णय. मुलांच्या बाबतीत आशा अधिक असते. त्यांची हाडे लवकर जुळतात, मज्जातंतूही मोठ्यांपेक्षा चांगले सावरतात. मात्र हाडाच्या वाढीच्या जागेला इजा झाली असेल तर हात किंवा पाय पुढे आखूड वा वाकडा होऊ शकतो, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी हवीच.

अपघात झाल्यास काय करावे?

रक्तस्रावावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा. अंगठी, बांगडी काढावी. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट लावू नये. भूल द्यावी लागणार असल्याने मुलाला खायला-प्यायला देऊ नये. स्नायू असलेला अवयव थंड न ठेवल्यास सुमारे सहा तासांत निकामी होऊ लागतो. म्हणून हळद, तंबाखू किंवा शेण लावण्यात वेळ घालवू नका. तो वेळ मुलाच्या हाताचा आहे!