मोतीबिंदू : रोगाचे नाव आणि भिंगाचे स्थान

रोगांची नावे पुष्कळदा त्या रोगांविषयीच्या जुन्या कल्पना जपून ठेवतात. वार्धक्यात डोळ्यातील भिंग गढूळ होते, या विकाराची नावे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. मराठीत तो मोतीबिंदू, हिंदीत मोतियाबिंद. फारसीतील नावाचा अर्थ ‘मोत्याचे पाणी’, अरबीतील नावाचा ‘पाण्याचे उतरणे’, तर लॅटिन ‘कॅटरॅक्टा’ म्हणजे धबधबा. यांतील मोती पिकलेल्या भिंगाच्या पांढऱ्या रंगावरून आला. उतरणारे पाणी मात्र एका शारीर कल्पनेतून आले.

ती कल्पना भिंगाच्या स्थानाविषयीची होती. गेलेनच्या परंपरेत भिंग हे दर्शनाचे मुख्य इंद्रिय मानले जाई. ते नेत्रगोलाच्या मध्यभागी असते, अशी पुढे समजूत रूढ झाली. १५४३ मध्ये वेसालियसनेही ते तेथेच दाखविले. साहजिकच भिंग आणि बाहुली यांच्यामध्ये मोकळी जागा कल्पिली गेली व तीत द्रव उतरून गोठतो, असे मानले गेले. शलाकेने हा गोठलेला पडदा खाली सारला जातो असे शस्त्रवैद्यांना वाटे. वस्तुतः ते भिंगच स्थानभ्रष्ट करीत. १६०४ मध्ये केप्लरने प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते असे दाखविले, १७०५ मध्ये ब्रिसोने शवविच्छेदनात गढूळ झालेले भिंग हाच मोतीबिंदू असल्याचे पाहिले, आणि १७४७ मध्ये दाव्हिएलने ते बाहेर काढले.

भिंग बाहुलीच्या लगेच मागे सूक्ष्म तंतूंनी टांगलेले असते. पण ते दृष्टिअक्षाशी काटेकोर सरळ नसते. बहुधा ४ ते ५ अंशांनी कानशिलाकडे कललेले असते, व दोन्ही डोळ्यांतील कल आरशातील प्रतिमेप्रमाणे परस्परांशी जुळतो. वयाबरोबर भिंग जाड होते, त्यापुढील पोकळी उथळ होते. तंतू दुबळे झाल्यास ते मध्यापासून सरकते. १९४९ मध्ये रिडलीने प्रथम कृत्रिम भिंग बसविले. आज ते मूळ भिंगाच्याच आवरणात बसवितात, आणि त्याचा कल बहुधा मूळ भिंगाच्या कलास अनुसरतो. साध्या भिंगात अल्पसा कल खपून जातो. वक्रतादोष निवारणाऱ्या अथवा दूरचे व जवळचे दोन्ही दाखविणाऱ्या भिंगात मात्र कल वा सरक वाढली की प्रतिमा बिघडते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच त्याचे मापन उपयोगी ठरते.

जुन्या ग्रंथांच्या भाषांतरकाराला या इतिहासाची जाण हवी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘दृष्टी’चे परिमाण मसुराच्या डाळीएवढे सांगितले आहे, आणि लॅटिन ‘लेन्स’चा मूळ अर्थही मसूरच. या साम्यावरून ‘दृष्टी’ म्हणजे आजचे भिंग असे मांडण्याचा मोह होतो. परंतु एका ठिकाणी मसूर आकारमान सांगतो, दुसऱ्या ठिकाणी आकृती. तेथे ‘भिंग’ हा शब्द घातला, की ग्रंथकाराला जे ज्ञात होते त्यावर नंतरचे ज्ञान लादले जाते. ‘पटल’ हा शब्द तसाच राखणे आणि त्यामागील डोळ्याची रचना टीपेत स्पष्ट करणे, हाच अधिक प्रामाणिक मार्ग होय.