३३०आय, अमरावती-अकोला आणि पेट्रोलचा हिशेब
भाऊ, बीएमडब्ल्यू ३३०आय लय पेट्रोल पिते, हे अर्धंच खरं! अमरावती-अकोला साधारण ९५ किलोमीटर. याच रस्त्यावर लोणी ते माना दरम्यान जून २०२२ मध्ये एका लेनचं ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं, गिनीज विक्रम झाला. तिथं आठव्या गिअरात ८०-९०नं चाला. लिटरला १४ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर एका बाजूचे साधारण ७१० रुपये.

१२०नं हाणली, तर हवेचा रोध ८०च्या सव्वादोन पट.

मे महिन्यात अमरावतीच्या राजकमल चौकात एसी फुल्ल? तिथं ॲव्हरेज विचारूच नका बाप्पा. पण पेट्रोलपेक्षा खिसा कापतात ते पंक्चर झाल्यावरही थोडं चालणारे महागडे रन-फ्लॅट टायर. म्हणून त्यांची हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.