मार्शमॅलो फॉन्डंट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारसं असो की साखरपुडा, टू-टियर केकची ऑर्डर आली की राजारामपुरीतल्या घरगुती बेकरला मार्शमॅलोचा फॉन्डंट घरीच मळायचा मोह होतो. चवीला तो सरसच. पण कोल्हापूरच्या पावसाळी हवेत तो फसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा पाणी असतं.

गैरसमज : गोळा चिकटला की साखर वाढवायची.
वस्तुस्थिती : 250 ग्रॅम मार्शमॅलो, चमचाभर पाणी आणि सुमारे 500 ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर पुरते, दमट दिवसांत थोडी जास्त. ताजा गोळा चिकटणारच. हाताला वनस्पती तूप लावून मळा आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. साखर वाढवत गेलात, तर केकच्या कडेवर भेगा पडतात.

गैरसमज : तयार केक फ्रिजमध्येच टिकतो.
वस्तुस्थिती : गार केक जुलैच्या हवेत बाहेर काढला की फॉन्डंटला घाम सुटतो, रंग ओघळतो. असं झालं तर हात लावू नका; पंख्याखाली सुकू द्या.

गैरसमज : खाली व्हिप क्रीम चालतं.
वस्तुस्थिती : क्रीममधलं पाणी साखर ओढून घेते आणि फॉन्डंट आतून विरघळतो. खाली गनाश द्या: डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग. व्हाइट चॉकलेट असेल तर तीनास एक.

गैरसमज : फॉन्डंट वरच्या केकचं वजन पेलतो.
वस्तुस्थिती : तो तीन-चार मिलिमीटरचा पापुद्रा. वजन पेलतात खालच्या केकमध्ये उभ्या रोवलेल्या, त्याच्याच उंचीला कापलेल्या सारख्या काड्या. वरचा केक स्वतःच्या बोर्डावर हवा.

गैरसमज : त्याच गोळ्यातून पैलवानही घडवता येतो.
वस्तुस्थिती : नुसता मार्शमॅलो फॉन्डंट मऊ राहतो, पैलवानाचा दंड लवतो, खांद्यावरची गदा घसरते. पाव किलोला एक छोटा चमचा सीएमसी पावडर मळा आणि दोन-तीन दिवस आधी करून उघड्यावर सुकवा. फेटा, कोल्हापुरी चप्पल यांनाही हेच लागू.

गैरसमज : अंडं नाही, म्हणजे शाकाहारी.
वस्तुस्थिती : बहुतेक मार्शमॅलोत जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. पाकिटावर तपकिरी त्रिकोण असेल तर माल मांसाहारी. हिरव्या ठिपक्याचे मार्शमॅलो मिळतात, पण ते सारखेच वितळतील असं नाही. आधी थोडे वितळवून पाहा. आणि श्रावणातली ऑर्डर असेल, तर जिलेटिन चालेल का, हे आगाऊ रक्कम घेण्याआधीच विचारा.