आइस्क्रीमच्या पेटीला खिडकी

सकाळचे साडेसहा वाजलेत आणि मिस्त्रीची घाई चाललीय. मे महिना आहे. नऊच्या पुढं टेंभुर्णीचं ऊन फायबरच्या रेझिनला हात लावू देत नाही, असं तो म्हणतो. ही टेंभुर्णी जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातली, सोलापूरकडची नव्हे. लिंबाच्या सावलीत एक जुनी पिकअप उभी आहे आणि तिच्या पाठीवर पांढरी बंद पेटी. या पेटीतून आधी आइस्क्रीम फिरायचं. थंडीचं यंत्र कुणीतरी काढून विकलं, आणि केबिनच्या वर, पेटीच्या पुढच्या भिंतीत, त्याच्या जागी दीड हाताचं चौकोनी भगदाड उरलंय. शिवाय बोल्टांची भोकं, पाइपाचं भोक, तळाला पाणी निघून जायची दोन छिद्रं.

गाडीचा नवा मालक मोसंबीचा शेतकरी आहे. त्याच्या आईला यंदा मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला जायचंय. मुक्ताईनगरहून निघालेली पालखी बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा करत जालन्याला येते आणि पुढं बीडवरून पंढरीची वाट धरते. देऊळगाव राजा इथून जवळच. माय तिथून सामील होणार.

"चालवंल तेवढं चालीन," ती लिंबाखालच्या बाजेवर बसून सांगते. "पण रातच्याला पाठ टेकायला कोरडी जागा पाहिजे. तंबूत पाणी शिरलं की गुडघे धरत्यात."

म्हणून ही पेटी. चालत्या गाडीत मात्र मागं कुणी बसणार नाही. मायची जागा पुढं, ड्रायव्हरशेजारी. पेटी फक्त मुक्कामाला झोपायला. गाडी मालवाहू आहे आणि मालवाहू गाडीत माणसं भरणं गुन्हा आहे, हे मुलाला पक्कं ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, म्हणून परिवहन कार्यालयात विचारल्याशिवाय पेटीत काही पक्कं ठोकायचं नाही, असंही त्यानं ठरवलंय. बाज आत ठेवायची, पंढरपूरहून आलं की बाहेर काढायची. राज्यानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते पर्यटकांच्या तयार गाड्यांसाठी. वारीत पाठ टेकायला जागा शोधणाऱ्या मायपर्यंत ते कधी पोचेल, कोण जाणे.

मिस्त्री रुपयाचं नाणं घेऊन भगदाडाच्या कडेकडेनं ठोकत चाललाय. टक, टक, टक. मग एकदम भद्द.

"ऐकलं?" तो मला विचारतो. "इथं पापुद्रा सुटलाय. आत पाणी गेलंय."

भिंत एकसंध नाही. बाहेर फायबरचा अडीच मिलिमीटरचा पत्रा, आत तसाच दुसरा, मध्ये पिवळ्या पफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा, थर. उघड्या कडेतून पाणी आत गेलं की पफ ओला होतो, पत्रा त्याला सोडतो आणि वरून पांढरी दिसणारी भिंत आतून पोकळ होते. भद्द आवाजाच्या जागेभोवती तो पेन्सिलनं रेघ ओढतो आणि तेवढा भाग कापूनच काढतो. भगदाड आणखी मोठं होतं. मुलाचा चेहरा उतरतो.

"मिस्त्री, बुजवायला आणलं होतं ना आपण हे?"

"सडक्यावर चांगलं बसवलं तर चांगलं बी जातं, दादा."

यानंतरचं काम बघणाऱ्याला उफराटं वाटेल. तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्यांवर रबरबँड. ग्राइंडर सुरू करण्याआधी तो पोरांना शेडच्या पलीकडे हाकलतो, कारण फायबरमधल्या काचेची भुकटी अंगात रुतते आणि श्वासातून छातीत जाते. मग तो चांगला, धडधाकट पत्रा घासायला लागतो. कडेला पार पातळ आणि बाहेरच्या बाजूला हळूहळू पूर्ण जाडीचा, असा बशीच्या काठासारखा उतार. जाडीच्या बारापट रुंद. अडीच मिलिमीटरच्या पत्र्याला तीन सेंटिमीटर. घासायला वेळ लागतो आणि तो या वेळात अजिबात कसर करत नाही. माझ्या मते अख्ख्या कामाचा जीव इथंच आहे. जुनं फायबर कडक झालेलं असतं, नवं त्यात विरघळत नाही, फक्त चिकटतं. गाडी खड्ड्यात आदळली की भिंत पिळवटते आणि तो ताण जोडावर येतो. जोडाला जागा जेवढी जास्त, तेवढा ताण वाटला जातो. भोकावर नुसता तुकडा डकवला तर त्याची कड पहिल्याच पावसाळ्यात उचलते.

हा मिस्त्री वाळूज औद्योगिक वसाहतीत फायबरचं काम शिकला. गावी परतल्यावर कूलरच्या टाक्या जोडून पोट भरतो. मराठवाड्यात उन्हाळाभर कूलर गळतात, त्यामुळं हाताला काम असतं. टाकीवरून घरावर जाणारा तो पहिला नाही. कॅनडातल्या विनिपेगच्या रे ओलेको यांनी १९६८ साली बोलर नावाची फायबरची छोटी प्रवासगाडी बनवली, त्याआधी त्यांनी फायबरच्या सेप्टिक टाकीवर काम केलं होतं. आपल्याकडं बंगळुरूच्या सिपानींनी १९८२ मध्ये फायबरच्या अंगाची डॉल्फिन मोटार रस्त्यावर आणली. ती गंजत नसे. हे सांगितल्यावर मिस्त्री ग्राइंडर थांबवतो. "गंजत नाही, पण उन्हानं मरतं," एवढं बोलून पुन्हा सुरू.

आता वाद होतो. मुलाला भगदाड पूर्ण बंद हवंय. माय बाजेवरून उठून येते, आत डोकावते.

"यात वारं कुठून येईन?"

कुणीच बोलत नाही. पेटी थंडी आत कोंडण्यासाठी बनवलेली. दार लावलं की रबरी पट्टी दबून बसते आणि हवेला वाट राहत नाही. आइस्क्रीमचं त्यात काही बिघडत नाही, पण आत रात्रभर माणूस झोपणार आहे. मिस्त्री मायच्या बाजूनं उभा राहतो. खालचा अर्धा भाग बुजवायचा, वरच्या अर्ध्यात जाळीची खिडकी, आणि मागच्या दाराला खाली झडप, म्हणजे हवा खालून येऊन वरून जाईल. तळाची दोन्ही छिद्रं जाळी लावून उघडी ठेवायची. स्टोव्ह पेटीत कधीच पेटवायचा नाही, हे तो मुलाकडून दोनदा वदवून घेतो. खिडकीचे चारही कोपरे तो गोल घासतो. काटकोनात चीर सुटते.

बुजवायच्या जागी आधी पफचा तुकडा बसतो. मुलानं पुढं केलेला थर्मोकोल मिस्त्री हातानंच बाजूला सारतो आणि त्याच्यावर रेझिनचा एक थेंब टाकून दाखवतो. थर्मोकोल फसफसून खाली बसतो, खड्डा पडतो. रेझिनमधलं स्टायरीन त्याला खाऊन टाकतं. पफला काही होत नाही.

साडेसात. रेझिनमध्ये ते लवकर घट्ट करणारं कोबाल्ट दुकानातूनच पडलेलं आहे. हार्डनरची बाटली मिस्त्री लांब, सावलीत ठेवतो. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर आग लागते, आणि हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. किराण्याच्या काट्यावर दोनशे ग्रॅम रेझिन, त्यात इंजेक्शनच्या सिरिंजनं दोन मिलि हार्डनर. म्हणजे शंभराला एक. थंडीत तो दोनपर्यंत जातो. उन्हाळ्यात एकवर थांबतो, पण एकच्या खाली उतरत नाही. त्यापेक्षा कमी घातलं तर वरून वाळल्यासारखं दिसतं आणि आत कच्चं राहतं. ढवळून झालं की मिश्रण मगात न ठेवता पसरट ताटात ओततो. ढीग राहिला तर स्वतःच्याच उष्णतेनं तापतो आणि ब्रश बुडवेपर्यंत दगड होतो.

काचेच्या धाग्यांची मॅट चौरस मीटरला ४५० ग्रॅमची, एक थर वाळल्यावर साधारण मिलिमीटरभर जाड. तीन तुकडे कापलेले आहेत आणि सगळ्यात मोठा आधी लागतो. तो उताराच्या संपूर्ण रुंदीवर जुन्या फायबरला धरतो, आणि नंतर वरून घासताना त्याचे धागे कापले जात नाहीत. कोरडी मॅट कापसासारखी पांढरी. ब्रश टेकवला की पांढरेपणा विरत जातो आणि तिच्यातून खालचा पिवळा पफ दिसायला लागतो. जिथं पांढरा ठिपका राहतो तिथं हवा अडकलीय. मिस्त्री लोखंडी रोलर फिरवत त्या ठिपक्यांना कडेकडे ढकलत नेतो. आता तो कुणाशी बोलत नाही. उग्र वासानं डोळे चुरचुरतात, मी दोन पावलं मागं येतो. तिसरा थर बसतो, त्यावर स्वच्छ पन्नी ताणून तो हातानं सुरकुत्या काढतो. हवा लागली तर वरचा पापुद्रा चिकट राहतो. ताटात उरलेलं रेझिन तोवर दह्यासारखं झालंय आणि ताट हाताला गरम लागतंय.

दुपारभर काम बंद. संध्याकाळी तो पन्नी ओढतो, घासतो आणि पांढरा जेलकोट मारतो. ऊन तो जेलकोट झेलतो. तो नसेल तर वरचं रेझिन झिजतं आणि काचेचे धागे उघडे पडतात.

परीक्षा दुसऱ्या सकाळी. टँकरचं पाणी पाइपनं उडवायला कुणाचं मन होत नाही, म्हणून मुलगा फवारणीचा पंप धुऊन पाठीवर घेतो आणि भिंतीवर, छतावर बारीक फवारा मारत फिरतो. नातू आत टॉर्च घेऊन बसलाय. मोठा जोड कोरडा. खिडकीची कड कोरडी. मिस्त्री काहीच म्हणत नाही, फक्त पंप आणखी मारायला खुणावतो.

"इथं! इथं थेंब!" आतून ओरडा येतो.

छताजवळचं एक बोल्टाचं भोक. मुलानंच परवा त्यात लांबी भरून वर रंग मारला होता. मिस्त्री नखानं लांबी उचकटतो, ती अख्खी हातात येते.

"आता याला बी उतार," तो म्हणतो. "पण आज नाही. पार वाळू द्या. ओल्यावर मॅट धरत नाही."

"मॅट उरलीय का?" मुलगा विचारतो.

"एवढ्याला पुरंल. झडपेला नाही पुरायची."

मुलगा जालन्याला जायला मोटारसायकल काढतो. माय बाजेवरून त्याला हाक मारते आणि खिडकीची जाळी बारीक छिद्रांची आणायला सांगते, डासांसाठी.