काठावरचा पहारेकरी

वसंत सरत आला, की जालना जिल्ह्यातील हसनाबादसारख्या गावांतून विहिरींचे तळ दिसू लागतात. माणसांच्या पाण्याची विवंचना सर्वांनाच असते. अशा आटत्या पाण्याशी ज्याचे जन्ममरण बांधलेले आहे, त्या एका बोटभर माशाची विचारपूस आज आपण करू.

या माशांना ‘किलिफिश’ म्हणतात. नावाचा मारण्याशी काही संबंध नाही; डच भाषेत ‘किल’ म्हणजे ओढा. आपल्याकडील पट्टेरी जातीचे वर्णन व्हॅलेन्सिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४६ साली मुंबईच्या नमुन्यावरून केले. चपटे डोके, वर वळलेले तोंड आणि माथ्यावर चकाकणारा ठिपका, ही त्याची ओळख. संथ पाण्याच्या पृष्ठभागालगत, काठच्या पाणगवताच्या आडोशाने तो राहतो आणि डासांच्या अळ्या टिपतो. मादी अंडी पाणवनस्पतींना चिकटवते. सुमारे दोन आठवड्यांत पिले निघतात.

आफ्रिकेतील काही किलिफिशांची अंडी सुकलेल्या चिखलात महिनोन्‌महिने तग धरतात. आपल्या माशाला ती सोय नाही. डोह पुरता आटला, की तेथला त्याचा वंश बुडालाच.

डासांच्या बंदोबस्तासाठी मूळचा अमेरिकेतील गंबुसिया मासा १९२८ साली इटलीहून भारतात आणला गेला. पण तो इतर माशांची अंडी आणि पिलेही खातो. म्हणजे घरचा पहारेकरी असताना परका नेमावा आणि त्याने घरातल्या पोरांवरच उठावे, अशी ही गत! तेव्हा काठचे सारे पाणगवत खरवडू नये आणि एखादा तरी डोह उन्हाळाभर राखावा. पहारेकऱ्याचे वेतन एवढेच आहे.