एकपत्री गीतमुद्रिते : संग्रह, सूची आणि लखनौचा दाखला

प्रस्तुत लेखाचा विषय एका अंगाने ग्रंथसूचीशास्त्राचा आणि दुसऱ्या अंगाने तौलनिक साहित्याभ्यासाचा आहे. एकाच कागदावर किंवा घडी घातलेल्या चार-आठ पानांत छापलेली, जत्रेत, मेळ्यात वा रस्त्यावर अल्प किमतीत विकली जाणारी कविता आणि गाणी यांना येथे 'गीतपत्रके' म्हटले आहे. मराठीतील पोवाड्यांची व नाटकांतील पदांची छापील चोपडी, उत्तर भारतातील बारहमासा, किस्सा व नौटंकीची पुस्तिका, अमेरिकेतील एका बाजूस छापलेली गीतपत्रे हे या वर्गाचे परिचित नमुने होत. वाङ्मयेतिहासात या सामग्रीला सहसा स्थान मिळालेले नाही. त्याचे कारण तिची गुणवत्ता जितके आहे, त्याहून अधिक तिची सूची नसणे हे आहे. ज्याची नोंद नाही त्याची तुलना करता येत नाही.

अमेरिकेतील आरंभ बोलका आहे. मुद्रक आयझाया थॉमस यांनी १८१३ साली बॉस्टन येथील नॅथॅनिएल कव्हर्ली या मुद्रक-विक्रेत्याकडून तीनशेहून अधिक गीतपत्रे एकगठ्ठा विकत घेतली, ती तीन खंडांत बांधली आणि स्वतः स्थापन केलेल्या अमेरिकन अँटिक्वेरिअन सोसायटीस दिली. सामान्य लोकांत त्या काळी काय प्रचलित होते हे पुढील पिढ्यांस कळावे, एवढाच त्यांचा हेतू होता. संग्राहकाने निवड केली नाही, म्हणूनच तो संग्रह पुरावा ठरला. पुढे १९६३ मध्ये एडविन वुल्फ यांनी १८५० ते १८७० या काळातील गीतपत्रांची सूची प्रसिद्ध केली. अशा पत्रांवर बहुधा वर्ष नसते. न्यूयॉर्कच्या डी मार्सन या प्रकाशकाच्या पत्रांचा काळ त्यांवरील चॅटम स्ट्रीटच्या बदलत्या घरक्रमांकांवरून ठरवता येतो. ज्या तपशिलाकडे साहित्याचा अभ्यासक दुर्लक्ष करील, तोच येथे कालनिर्णयाचा आधार होतो.

लखनौ हे या दृष्टीने भारतातील महत्त्वाचे केंद्र. १८५८ मध्ये मुन्शी नवल किशोर यांनी येथे सुरू केलेला छापखाना एकोणिसाव्या शतकातील आशियातील मोठ्या प्रकाशनसंस्थांपैकी एक ठरला. शिळाछापामुळे नस्तालीक लिपीचे वळण कायम ठेवून स्वस्त पुस्तके काढता येत. आगा हसन 'अमानत' यांच्या 'इंदरसभा' या गीतनाट्यात गझल, ठुमरी, होरी, वसंत अशी विविध घाटांची पदे एकत्र आली. ते नाट्य उर्दूप्रमाणे नागरीतही छापले गेले आणि त्यातील पदे स्वतंत्रपणेही गायली गेली. मुहर्रमच्या मजलिशींसाठी मरसिये व नौहे यांच्या छापील वह्याही याच शहरात निघत राहिल्या. दरबार, रंगमंच, इमामबाडा आणि बाजार ही या गीतांची चार घरे; मात्र पुस्तकांच्या यादीत ती एकमेकांजवळ आढळत नाहीत.

याचे मूळ नोंदणीच्या पद्धतीत आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची केली. त्या नोंदीत शीर्षक, भाषा, कर्ता, विषय, मुद्रणस्थळ, मुद्रक, प्रकाशनतिथी, पृष्ठे, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळाछाप की खिळेछाप, किंमत आणि स्वामित्वहक्क इतके तपशील मागितले जात. त्यावरून प्रांतोप्रांती त्रैमासिक याद्या निघत. अभ्यासकाच्या दृष्टीने हा अमोल ठेवा आहे. एखाद्या बारहमाशाच्या किती प्रती निघाल्या व तो किती पैशांस विकला गेला हे अन्यत्र कळत नाही. परंतु या पद्धतीच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, 'पुस्तक' या संज्ञेत पुस्तिका व स्वतंत्रपणे छापलेले संगीतलिपीचे पान येत असे. स्वरलिपी नसलेले, एका पानाचे गीत मात्र व्याख्येच्या काठावर राहिले. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. 'भाषा' या रकान्यामुळे एकच गीत नस्तालीकमध्ये छापले तर उर्दूच्या, नागरीत छापले तर हिंदीच्या यादीत गेले. गाणाऱ्याला जे एक होते, ते सूचीत दोन झाले. पुढील वाङ्मयेतिहासांनी ही विभागणी जणू साहित्याचाच स्वभाव आहे असे मानले.

दुसऱ्या टोकास एका मराठी विद्वानाचे कार्य उभे आहे. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने लखनौ येथे १९२६ मध्ये मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते त्यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'त घराण्यांतील गायकांकडून मिळवलेल्या शेकडो चिजा राग, ताल व स्वरलिपी यांसह मांडल्या आहेत. सरकारी यादीला मुद्रक आणि किंमत ठाऊक होती, चाल ठाऊक नव्हती. भातखंड्यांनी चाल टिपली, कागद आणि बाजार हा त्यांचा विषय नव्हता. गीतपत्रकाच्या सूचीकाराला ही दोन्ही अर्धी वर्णने जोडावी लागतात.

हे जोडकाम शक्य होते, कारण पत्रकेच त्यासाठी दुवा पुरवतात. उत्तर भारतीय पुस्तिकांत गीतावर 'तर्ज' दिलेली असते, मराठी नाटकांच्या पदांवर 'चाल' असते, आणि अमेरिकन पत्रांवर हे गीत अमुक सुरावर म्हणावे असा निर्देश असतो. तीन भाषांत, परस्परांशी संबंध नसताना, मुद्रकांनी एकच युक्ती योजली. तिचा गर्भितार्थ असा की, वाचक हा आधीच गायक आहे आणि जुने गाणे त्याच्या कानात आहे. तर्जेवरून कालनिर्णयही साधतो. ज्या नाटकातील पदाची चाल सांगितली आहे, त्यापूर्वीचे ते पत्रक असू शकत नाही. तरीही ग्रंथालयीन नोंदींत चालीचा रकाना क्वचितच आढळतो.

जतनाचा आणखी एक मार्ग विरोधाभासाचा आहे. १९०८ मधील 'लघु अभिनव भारतमाला' या छोट्या काव्यपुस्तिकेबद्दल गणेश दामोदर सावरकर यांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १९१० चा मुद्रणकायदा, पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेतील जप्तीचे कलम आणि १९३१ चा आणीबाणीचा मुद्रणकायदा यांनी राष्ट्रीय गीतांच्या असंख्य पुस्तिका सरकारजमा केल्या. त्यांत संयुक्त प्रांतातील पुस्तिकांचा भरणा मोठा होता. जप्त प्रतींपैकी काही सरकारी दप्तरात राहिल्या. त्या आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ग्रॅहम शॉ व मेरी लॉइड यांची १९८५ ची सूची त्यांच्यापर्यंत पोचण्याचे प्रमुख साधन आहे. ज्या गाण्यांची राज्यकर्त्यांना भीती वाटली ती उरली. ज्यांची भीती वाटली नाही ती कजरी, होरी आणि लावण्यांची पाने वापरून फाटून गेली. म्हणून जप्तसाहित्याच्या संग्रहावरून त्या काळची लोकरुची ठरवणे धोक्याचे आहे.

कर्तृत्वाची नोंदही जपून करावी लागते. काकोरी खटल्यामुळे लखनौच्या स्मृतीशी निगडित झालेली एक प्रसिद्ध गझल रामप्रसाद 'बिस्मिल' यांच्या नावावर रूढ आहे. अभ्यासक मात्र ती पाटण्याचे 'बिस्मिल' अझीमाबादी यांची मानतात. तखल्लुस एकच असल्याने आणि हौतात्म्याच्या तेजामुळे हे घडले. सूचीकाराने येथे एक नाव खोडून दुसरे लिहू नये. मूळ कवी, पत्रकावरील नाव आणि लोकांत रूढ नाव या तीन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात, कारण तिसरी गोष्टसुद्धा साहित्येतिहासाचीच सामग्री आहे.

मराठीत शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची'च्या दोन भागांत (१९४३ व १९६१) १८०० ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद एकहाती केली. तत्पूर्वी ऍकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाडे छापून गायकांच्या कंठातील काव्य ग्रंथात आणले. या परंपरेत गीतपत्रकांची स्वतंत्र सूची ही पुढची पायरी ठरावी. तिच्या प्रत्येक नोंदीत पहिली ओळ, ध्रुवपद, चाल वा तर्ज, लिपी आणि भाषा (वेगवेगळ्या रकान्यांत), मुद्रकाचा पत्ता, किंमत, चित्रठसे आणि ती प्रत कोठून मिळाली याची माहिती असावी. लिपी आणि भाषा हे रकाने वेगळे केले, एवढ्यानेही लखनौचे विभागलेले गीत पुन्हा एका जागी दिसू लागेल. तौलनिक साहित्याभ्यासाचा आरंभ भाषांच्या सीमा ओलांडण्यापासून होतो असे आपण म्हणतो. त्या सीमांपैकी काही केवळ यादीतील रेघा आहेत, हे आधी ओळखावयास हवे.